विमान कोणाच्याच पायांत नव्हतं

आमच्या सुनेला, अनुश्रीला, आकाशात भीती वाटत नाही. वाटते ती खाली येताना, आणि त्यातही चाकं जमिनीला लागल्यानंतर. हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते.

"जमिनीवर आल्यावर काय भ्यायचं वं?" मी म्हटलं. "जमीन तर आपलीच आहे."

"वही तो, आई. जमीन आली की सब ढीले पड जाते हैं."

तेव्हा मला ते कळलं नाही. आता इतकं कळलं आहे की दुपारी वारा सुटला आणि वाळत घातलेल्या साड्या एका बाजूला फडफडायला लागल्या, की मी आधी अनुश्री घरी आली का ते बघते.

रोजच्या वहीत मी तिथी, उपास, कोण आलं-गेलं एवढंच लिहिते. पण अनुश्रीबद्दल मधूनमधून इतकं लिहिलं गेलं की एकदा सलग मांडावं असं वाटलं. ती काही नामांकित बाई नाही. पेपरात तिचं नाव आलेलं नाही, आणि येऊ नये म्हणून मी महामाया देवीला रोज सांगते. विमानवाल्यांची नावं पेपरात केव्हा येतात ते मला ठाऊक आहे.

अनुश्री रायपुरातल्याच बुढापारा वस्तीतल्या जुन्या मराठी घरातली. त्यांचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आले ते इकडचेच झाले. आम्ही भंडाऱ्याचे, रेल्वेच्या नोकरीपायी रायपुरात आलेले. त्यामुळे आमच्या घरात मराठी बोलतात आणि तिच्या माहेरी मराठी समजते, एवढा फरक. लग्नात नाव घ्यायला लावलं तर तिने हिंदीत नाव घेतलं आणि सगळा मांडव हसला. तीही हसली. तिला हसू आलं की खांदे हलतात, आवाज होत नाही.

गोंदियाकडे राहून तिने विमान शिकून घेतलं होतं, लायसनही होतं. मोठ्या कंपन्यांचं बोलावणं येईल येईल म्हणता आलं नाही आणि ती बीरगावच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. तिथूनच आमच्या निरंजनचं स्थळ जुळलं. निरंजन उरल्याला रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. आमचं घर भनपुरीला. गच्चीवर गेलं की उरल्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात आणि आमचे धुतलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळे होतात. मी त्या धुराला शिव्या घालत आले. अनुश्री मात्र गॅसवर दूध ठेवून गच्चीवर जाऊन तो धूर बघत उभी राहायची.

"काय पाहून राहिली तिथं? दूध उतू गेलं ना!"

"हवा बघत होती, आई. आज पश्चिमेकडून आहे."

"मंग? पश्चिमेकडची हवा दूध सांभाळते का?"

"हव, पुसते मी," असं म्हणून ती खाली यायची, आणि ओटा मीच पुसायची.

मग गेल्या वर्षी उरल्याच्या पुढे, जिथे शेतं सुरू होतात तिकडे, एका हौशी शेठने धावपट्टी बांधली. तिथे बिनइंजिनाची विमानं उडवायचा क्लब निघाला. त्या विमानांना दोरी बांधून एक छोटं इंजिनवालं विमान वर ओढत नेतं आणि सोडून देतं. ते ओढणारं विमान चालवायला माणूस हवा होता. अनुश्रीने शाळा सोडली.

मी ते विमान बघायला गेले, हळद-कुंकू घेऊनच गेले. पिवळं, कापडाच्या अंगाचं, नाकावर पंखा, आत एकामागे एक दोन जागा. पुढे दोन चाकं. तिसरं चाक अगदी एवढंसं, वाटीएवढं, शेपटीखाली. नाक वर करून बसलेल्या कुत्र्यासारखं ते दिसत होतं. अनुश्री ज्यावर शिकली त्या विमानांचं तिसरं चाक पुढे, नाकाखाली होतं. हे शेपटीचाकाचं तिला नव्याने शिकायचं होतं. शिकवणारे धर्मपाल सर हरियाणाकडचे, मिशा पांढऱ्या, रायपुरात नुकतेच आलेले. मी कुंकवाचं बोट घेऊन पुढे झाले तर ओरडले, "माताजी, पंखे से दूर! टीका पूँछ पर लगाइए. जो भी गडबड होगी, वहीं से होगी."

मी शेपटीला कुंकू लावलं. मला ते बोलणं अशुभ वाटलं.

त्या विमानाची दिशा पायांनी धरायची असते. दोन पायांखाली दोन पॅडल, आणि त्यांना शेपटीवरचं उभं पातं जोडलेलं. डावा पाय दाबला की पातं डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. म्हणून अनुश्री पातळ तळव्याचे कापडी बूट घालायची, आणि एक दिवस मी पाहिलं की तिच्या पायांत जोडवी नाहीत.

"जोडवी काहून काढली?"

"आई, जोडवी घालून पॅडल नीट समजत नाही. पाँव सुन्न पड जाता है."

"अवं, नवरा जिता-जागता असताना? आणि तेही असल्या कामाले जाताना? पुन्हा काढायची नाही."

"हव आई."

दुसऱ्या दिवशी ती घरातून जोडवी घालून निघाली आणि निरंजनच्या मोटरसायकलवर मागे बसल्या-बसल्या काढून पर्समध्ये टाकली. निरंजननेच सांगितलं, हसत हसत. मी रागावले नाही. अनुश्रीचं 'हव' मला एव्हाना पाठ झालं होतं. आमच्याकडे हो म्हणायला सगळेच हव म्हणतात, पण तिचं हव म्हणजे तिने ऐकलं एवढंच. पुढे ती काय करेल ते त्यात नसतं.

शेपटीचाकाचं विमान बिघडतं कसं, हे तिने मला आमच्या दारापुढच्या ओट्याच्या उतारावर दाखवलं. स्कूटी ओट्यावर उभी होती.

"आई, इसको उलटा उतारो. मागे मागे. सीधा."

मी हँडल धरून स्कूटी मागे ढकलली. थोडी सरळ गेली, मग पुढचं चाक किंचित वाकडं झालं. मी सरळ करायला गेले तर ते उलट्या बाजूला गेलं, आणि मला काही समजायच्या आत हँडल हातातून फिरलं आणि स्कूटी पाण्याच्या ड्रमवर जाऊन आपटली.

"बस, तसंच," ती म्हणाली. "विमानाचं वजन चाकांच्या मागे आहे. नाक जरा फिरलं की मागचं वजन म्हणतं, मी पुढे जाते. पहले थोडा, फिर एकदम. शेपूट फिरून पुढे येते, बाहेरचा पंख जमिनीला लागतो, चाक मोडतं. पलटी पण होते कधी कधी."

"आणि तू काय करायचं?"

"पाँव. छोटे छोटे, जल्दी जल्दी. ते थोडं असतानाच पकडायचं. जास्त झालं की मग कोणी पकडू शकत नाही." मग ड्रम सरळ करत म्हणाली, "और सबसे खराब बात क्या है, माहीत आहे? वेग कमी झाला की पात्याला हवा मिळत नाही. म्हणजे शेवटी शेवटी, जेव्हा वाटतं की झालं आता, तेव्हाच ते सगळ्यात दुबळं असतं."

मी त्या दिवशी देवापुढे बसले तर डोळ्यांसमोर ती स्कूटीच फिरत होती.

आणि मग ते झालं. चैत्र संपत आला होता, ऊन चढलं होतं. मी कैरीचं पन्हं गाळत होते तेव्हा निरंजनचा फोन आला. "आई, घाबरू नको," एवढं म्हणाला आणि मी खालीच बसले. पुढचं ऐकू यायला वेळ लागला. अनुश्री ठीक होती. सरांचं मनगट मोडलं होतं. विमान धावपट्टीच्या बाहेर मातीत एका पंखावर पडलं होतं.

ती घरी आली तेव्हा केसांत माती होती, कोपर सोललेलं, कपाळाला टेंगूळ. अंगाला पेट्रोलचा वास. मी दृष्ट काढली, तिने काढू दिली. पाणी दिलं, प्याली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "पता नहीं, आई." आणि खरंच तिला पत्ता नव्हता. तीच गोष्ट तिला खात होती.

त्यानंतर घरात एक वेगळीच अनुश्री वावरायला लागली. गच्चीवर जाईना. दूध उतू जाईना. स्कूटी उतारावरून मागे घ्यायची वेळ आली की किल्ली निरंजनच्या हातात द्यायची. दुपारी आडवी झाली की चादरीखाली तिचे पाय हलायचे, डावा, उजवा, डावा. मी एकदा तिच्या पावलांवर हात ठेवला तर ती दचकून उठून बसली आणि म्हणाली, "किसके पास है?" काय कोणाकडे आहे ते मला कळलं नाही. मी म्हटलं, "काही नाही, निज."

काही दिवसांनी धर्मपाल सर घरी आले. हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात केळ्यांची फणी. अनुश्री स्वयंपाकघरात गेली ती चहाच्या निमित्ताने तिथेच राहिली. सर मला हळू आवाजात म्हणाले, "माताजी, इसे डाँटिए मत. लडकी उस वक्त जम गई थी, पाँव ही नहीं चले. होता है. बडे-बडों के साथ होता है."

अनुश्री दारात येऊन उभी राहिली. "मैं जमी नहीं थी, सर. विमान मेरे पास था ही नहीं."

"क्या मतलब?"

"आप उतार रहे थे. मेरे पाँव तो बस पॅडल पर रखे थे, आपका देखने के लिए."

"उतारा मैंने. पहिये टिके, सीधा चल रहा था. फिर मैंने पूछा, संभालेगी? तूने कहा हाँ."

"मैंने हाँ कब कहा?"

"हव कहा! हव माने हाँ, इतना तो मैं भी सीख गया हूँ यहाँ."

चहा उकळत होता तो मी जाऊन गाळून आणला. सरांच्या हातात कप दिला तरी दोघं तशीच एकमेकांकडे बघत. मग मलाच राहवलं नाही.

"सर, इसका हव मतलब हाँ नहीं रहता," मी माझ्या हिंदीत म्हटलं. "हव मतलब सुन लिया. बस. मैंने इसको बोली जोडवी मत निकाल, ये बोली हव. निकाली के नहीं निकाली, पूछो इसको."

अनुश्रीने मान खाली घातली. सर माझ्याकडे बघत राहिले. "यानी… सिर्फ सुन लिया?"

"हव," मी म्हटलं, आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली.

"मला वाटलं सर पुढच्या वेळेचं विचारून राहिले," अनुश्री माझ्याकडे बघत म्हणाली, सरांकडे नाही. "की पुढच्या खेपेला तू सांभाळशील का. म्हणून मी हव म्हटलं. नाक डावीकडे गेलं तर मला वाटलं, सर पकडतील. सर पकडत का नाहीत म्हणून मी वाट बघत होते."

"और मैं तेरी," सर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. त्या ठेवण्याचा आवाज मला अजून आठवतो. "मैंने पाँव ऊपर उठा लिए थे, लडकी. पूरे. मैं पीछे बैठा सोच रहा था, अब दबाएगी, अब दबाएगी." मग म्हणाले, "विमान सौंपने के जो पक्के शब्द होते हैं, वही बोलने थे मुझे. मैं घर की तरह बोलने लगा. तो उतनी देर विमान किसी के पास नहीं था."

दोन माणसं आत बसलेली, दोघंही हुशार, दोघंही जागी, आणि ते विमान तेवढ्या वेगाने कोणाच्याच पायांत नव्हतं. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना भ्याले आहे, पण त्या वाक्याला जशी भ्याले तशी कशालाच नाही. सर गेल्यावरही मी देवघरात न जाता तिथेच बसून राहिले. इतकं मोठं घर आपण चालवतो, कितीदा सगळेच एकमेकांवर भरवसा ठेवून बसलेले असतो, तेव्हा ते घर कोणाकडे असतं, असं काहीबाही मनात येत होतं.

मला वाटलं होतं, चूक कळली तर अनुश्रीचा जीव हलका होईल. तसं झालं नाही. निरंजन म्हणाला, "छोड दे ना यार. शाळेत परत घेतील." मीही तेच म्हटलं, जरा गोड करून. ती भांडी लावत होती.

"आई, मेरे से हुआ होता तो मैं छोड देती. पण ते माझ्या हातून झालंच नाही. आणि माझ्याकडे असतं तर मी सरळ ठेवलं असतं की नाही, तेही मला माहीत नाही. आता मी शाळेत जाऊन बसले, तर जन्मभर माहीत होणार नाही."

"नाही झालं माहीत तर काय बिघडते?"

तिने हवसुद्धा म्हटलं नाही. त्या दिवसांत तिने तो शब्दच टाकून दिला होता.

विमान दुरुस्त होऊन आलं. सरांच्या हाताचं प्लॅस्टर निघालं. ते पुन्हा तिच्या मागे बसायला लागले. रोज सकाळी वारा शांत असताना ती जायची आणि परत येऊन सांगायची, "आज भी सर साथ थे." तिच्या लेखी ते मोजण्यात नव्हतं. मागे सर आहेत म्हटल्यावर नाक फिरलं तर कोणी पकडलं हे तिला कळत नव्हतं.

मग एक दिवस तिने विचारलं, "आई, उद्या एकटीने उतरवायचं आहे. तुम्ही याल?"

"मी? मले नाही पाहवत. मी घरीच जप करीन."

"घरून पण कराल, तिथून पण कराल," ती म्हणाली. मी गेले.

सकाळी निघताना वारा नव्हता. पण शेठचे कोणी पाहुणे आले, त्यांना आधी फिरवायचं ठरलं, आणि अनुश्रीची पाळी येईपर्यंत ऊन तापलं. तिकडे उरल्याच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता तो आडवा व्हायला लागला. सरांनीही तो पाहिला. "कल करेंगे," ते म्हणाले. तोवर अनुश्री आत बसली होती. तिने त्यांच्याकडे बघून ऐकल्यासारखी मान हलवली आणि पंखा फिरला. सरांनी हात वर केला, मग खाली घेतला.

वर गेलं तोवर मी शांत होते. खरं सांगते, तिच्यासारखंच मलाही वर काही वाटलं नाही. पिवळं एवढंसं, घारीसारखं फिरत होतं. मग ते समोरच्या शेतांवरून खाली येऊ लागलं आणि सरांनी माझ्या शेजारी उभं राहून बोलायला सुरुवात केली, मला नव्हे, तिला, जणू तिला ऐकू जाणार होतं. "पाँव… पाँव… पाँव…"

विमान तिरकं येत होतं, वाऱ्याकडे नाक करून. धावपट्टीवर आलं, सरळ झालं, खाली टेकणार इतक्यात एका बाजूने मातीचा लोट उठला आणि पंख कलला. इंजिनाचा आवाज वाढला. ती न टेकता आमच्या समोरून परत वर निघून गेली. तिचं तोंड मला दिसलं. ती आमच्याकडे बघत नव्हती.

"अच्छा किया," सर म्हणाले.

"आता?"

"अब फिर आएगी, माताजी. आना तो पडेगा ही."

मला तेच सगळ्यात भयंकर वाटलं. वर किती वेळ राहायचं हे तिच्या हातात नव्हतं. पेट्रोल संपणार. रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन थांबता येतं, तिथे थांबायला जागा नाही. जमीनच एक जागा, आणि जमिनीलाच ती भीत होती. माझ्या हातात माळ होती. मणी सरकत होते, पण ओठांवर देवीचं नाव नव्हतं. माझ्याही तोंडून तेच चाललं होतं, पाय, पाय, पाय.

दुसऱ्यांदा ती आली. चाकं लागली, थोडी उसळली, पुन्हा लागली. शेपूट खाली बसली. विमान धावत आमच्या समोर आलं तोवर सरळ होतं आणि मला वाटलं, झालं. त्याच क्षणी नाक डावीकडे वळलं. अगदी थोडं. मी स्कूटीचं हँडल फिरताना पाहिलं होतं तसंच. सरांचा उजवा पाय माझ्या शेजारी जमिनीवर दाबला गेला, बूट मातीत रुतला. तिकडे शेपटीवरचं पातं फाटकन उजवीकडे गेलं, लगेच डावीकडे, पुन्हा उजवीकडे. नाक उजवीकडे आलं, जास्त आलं, उजवा पंख वर उठला. मी डोळे मिटायला हवे होते, मिटले नाहीत. पातं डावीकडे, उजवीकडे, बारीक बारीक, इतक्या भराभर की शेपूट शहारल्यासारखी दिसत होती. पंख खाली आला. विमान धावपट्टीच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेलं, चाकाने पट्ट्यावरची माती उडवली आणि हळूहळू परत मधे आलं. हळू झालं. आणखी हळू. थांबलं. पंखा दोन झटके देऊन बंद पडला.

सर धावले. त्या वयात माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता. मी मागून चालत गेले.

अनुश्री आत ताठ बसली होती. नजर समोर, पार पट्टीच्या टोकाला. गालावर घामाचे ओघळ. मी जवळ गेले तरी तिने मान वळवली नाही. तेवढ्यात मला सर दिसले. ते शेपटीपाशी उभे होते आणि तिथलं पातं अजून हलत होतं. विमान जागच्या जागी उभं, इंजिन बंद, आणि ते पातं उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. आत तिचे पाय थांबलेच नव्हते.

सरांनी तळहात ठेवून ते धरून पाहिलं. पातं त्यांच्या हाताला ढकलत राहिलं. मग त्यांनी हात काढून घेतला.

"रहने दीजिए, माताजी," ते मला हळूच म्हणाले. "थोडी देर इसी के पास रहने दीजिए."

वारा जोरात होता. मी पदर घट्ट धरून पंखाला टेकून उभी राहिले, तिने उतरायची वाट बघत.